टेस्टर पेटतोय पण पंखा फिरत नाही

यावेळी पत्रांचा गठ्ठा जाड आलाय आणि त्यातली बरीचशी एकाच गोष्टीवर आहेत, वीज तपासायला सर कोणता मीटर घेऊ. सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही कारण कुणाला बिल कमी करायचंय, कुणाची मोटर जळतीये आणि कुणाला गीझर शॉक देतोय, आणि या तिन्हीला लागणारी हत्यारं वेगळी. सहा पत्रं निवडलीत, बाकीच्यांची उत्तरं यातच सापडतील बहुतेक.

बार्शीहून एक वाचक लिहितात: सर, मधल्या खोलीतला पंखा आणि ट्यूब दोन दिवस बंद आहे. टेस्टर लावला तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो. मुलाने मल्टीमीटर लावला तर दोन भोकांमध्ये कधी २-३ व्होल्ट दाखवतो, कधी ६०. वायरमन म्हणतो टेस्टर पेटतोय म्हणजे लाईट आहे, पंखाच खराब झालाय. खरं कोण बोलतंय?

टेस्टर पण खरं बोलतोय आणि मल्टीमीटर पण, फक्त तुमचा वायरमन घाई करतोय. तुमच्या त्या खोलीचा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, तुटलाय. कसं ते सांगतो. फेज, म्हणजे करंट आणणारी जिवंत लाईन, पंख्यापर्यंत येतो, पंख्याच्या वाइंडिंगमधून पलीकडे न्यूट्रलच्या वायरवर उतरतो, पण पुढे वायरच तुटलीये म्हटल्यावर त्याला परत जायला रस्ता नाही, त्यामुळे तो तिथेच तुंबून बसतो आणि अख्खी न्यूट्रल वायर फेजसारखी जिवंत होते. म्हणून टेस्टर दोन्हीकडे पेटतो. आणि दोन्ही भोकांत एकच फेज आहे म्हटल्यावर त्या दोघांमधला फरक किती, तर जवळपास शून्य, ते तुमचे २-३ व्होल्ट. मी पैजेवर सांगतो की २-३ दाखवत होता तेव्हा पंख्याचं नाहीतर ट्यूबचं बटण चालू होतं आणि ६० दाखवला तेव्हा सगळी बटणं बंद होती.

ते ६० म्हणजे भुताचे व्होल्ट. डिजिटल मल्टीमीटर आतून करंट जवळपास घेतच नाही, चांगल्या मीटरचा रेझिस्टन्स १० मेगाओहमच्या आसपास असतो, त्यामुळे शेजारून गेलेल्या चालू वायरीमुळे तुटक्या वायरीत जो नुसता भास तयार होतो तो पण त्याला दिसतो. काही घरात बटण बंद केल्यावर सुद्धा एलईडी बल्ब मंद मिणमिणत राहतो ना, बऱ्याचदा तोच प्रकार असतो.

आता टेस्टरबद्दल. त्या स्क्रूड्रायव्हरच्या पोटात एक छोटा निऑन दिवा आणि एक मोठा रेझिस्टर असतो, त्यातून अगदी बारीक करंट तुमच्या अंगातून जमिनीत जातो आणि दिवा पेटतो. तो ११० व्होल्टला पण पेटतो, २३० ला पण, आणि पायात रबरी चप्पल घालून लाकडी स्टुलावर उभे राहिलात तर कधी कधी चालू फेजवर सुद्धा नीट पेटत नाही. म्हणजे पेटला तर वायर जिवंत आहे एवढंच कळतं, नाही पेटला तर काहीच कळत नाही, आणि न पेटलेल्या टेस्टरवर भरवसा ठेवून वायरीला हात लावलेले लोक मी पाहिलेत.

तुमच्या कामाला मल्टीमीटरच बरोबर आहे, फक्त तिसऱ्या भोकाची मदत घ्या. एसी व्होल्टवर ठेवून फेज आणि वरचं मोठं अर्थिंगचं भोक यांच्यात मोजा. तिथे २३० च्या आसपास आलं आणि फेज-न्यूट्रलमध्ये नाही आलं, तर न्यूट्रल गेलाय. अर्थिंगच नीट नसेल तर ही युक्ती चालणार नाही, मग वायरमनकडचा जुना टेस्ट लॅम्प, म्हणजे होल्डरमध्ये शंभरचा पिवळा बल्ब आणि दोन वायरी. बल्ब खरा करंट ओढतो त्यामुळे भुताच्या व्होल्टवर तो पेटत नाही. पण बल्ब जुना पिवळाच पाहिजे, एलईडी लावलात तर तो भुतावर पण पेटेल, आणि दोन फेजमध्ये चुकून लागला तर ४०० च्या वर व्होल्ट मिळून फुटतो, म्हणून हे काम ज्याला सवय आहे त्यानेच करावं. एकाच खोलीचा प्रॉब्लेम आहे म्हणजे तुटलेला जोड बोर्डात नाहीतर छताजवळच्या जंक्शनमध्ये असणार, तिथे एखादा स्क्रू काळा पडलेला आणि वायरीचं प्लास्टिक करपलेलं दिसेल. मेन बंद करूनच उघडायला सांगा, कारण आज तुमच्या घरात न्यूट्रल सुद्धा शॉक देईल.

आणि कधी अख्ख्या घरात एक दिवा झगझगीत आणि एक मंद असं व्हायला लागलं तर कुठलाच मीटर शोधत बसू नका, आधी मेन पाडा. खांबावरचा न्यूट्रल ढिला असेल तर घरात २३० च्या जागी ४०० च्या जवळ जाऊ शकतं आणि टीव्ही फ्रीज सगळं एका मिनिटात जातं.

डोंबिवलीहून एक ताई: आमचं बिल दोन महिने जवळपास डबल येतंय. मीटर पळतोय असं मला वाटतं. भाऊ म्हणतो क्लॅम्प मीटर घे आणि प्रत्येक वस्तूचा करंट मोज. घेऊ का?

ताई, भावाला सांगा राहू दे. बिल करंटचं येत नाही, युनिटचं येतं, आणि एक युनिट म्हणजे एक हजार वॅट एक तास. क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती जबडा अडकवून मोजायचा मीटर, अँपिअर दाखवतो, त्याला तुम्ही २३० ने गुणलं तर वॅट आले असं वाटतं पण ते गीझर, इस्त्री असल्या तापणाऱ्या वस्तूंनाच लागू आहे. स्वस्तातल्या एलईडी बल्बचा पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या गुणाकारातला खऱ्या वॅटचा वाटा, ०.५ च्या आसपास असतो, तिथे असा गुणाकार करून ९ वॅटचा बल्ब १८ चा दिसेल आणि तुम्ही उगाच बल्बला शिव्या द्याल. शिवाय क्लॅम्प त्या क्षणाचं सांगतो, फ्रीजचा कॉम्प्रेसर तर दिवसभर चालू बंद होत असतो.

तुम्हाला पाहिजे तो प्लगमध्ये लावायचा एनर्जी मीटर. भिंतीच्या सॉकेटमध्ये तो खोचायचा, त्याच्यात वस्तूची पिन घालायची, आणि फ्रीजला पूर्ण २४ तास, वॉशिंग मशीनला एक पूर्ण धुणं होईपर्यंत ठेवायचा, युनिट तिथेच दिसतात. घेताना १६ अँपिअरचा आहे का बघा, ६ वाल्यावर गीझर लावलात तर वितळेल.

पण त्याच्याही आधी फुकटातलं करून बघा. तुमच्या वीज मीटरवर एक लाल लाईट लुकलुकते आणि शेजारी ३२०० इम्पल्स दर युनिट असं काहीतरी छापलेलं असतं, काही मीटरला आकडा वेगळा असतो. ३२०० वेळा लुकलुकलं की एक युनिट. रात्री घरातलं सगळं बंद करा, फ्रीज वायफाय सकट, आणि पाच-दहा मिनिटं बघत उभ्या राहा. तरीही लुकलुकत असेल तर कुठेतरी गळतंय, नाहीतर तुमच्या मीटरवर दुसरं कुणाचं काहीतरी चालू आहे, सोसायटीतल्या जिन्याचा दिवा असा निघालेला मी बघितलाय.

मग पाणी तापवायचा १००० वॅटचा साधा रॉड बादलीत टाकून तेवढाच चालू करा आणि मोबाईलवर एक मिनिट लावून लुकलुक मोजा. हिशोबाने ५३ आले पाहिजेत. आता इथे एक गंमत आहे, रॉडवर लिहिलेले १००० वॅट हे २३० व्होल्टचे असतात, तुमच्याकडे २१० च येत असेल तर रॉड साधारण ८३० वॅटच घेतो आणि लुकलुक ४४ च्या आसपासच येणार, त्यावरून मीटर हळू चालतोय असं समजून खूश होऊ नका. ही घरगुती परीक्षा ढोबळ आहे. ५३ च्या जागी ७५ मोजलेत तर मात्र मीटर तपासायचा रीतसर अर्ज करा, फी भरावी लागते, ते लोक आपला प्रमाण मीटर आणून तुमच्याला जोडून बघतात. अर्जात मोजलेला आकडा लिहा, मीटर पळतोय एवढंच लिहू नका.

माझा अंदाज विचाराल तर मीटर बरोबर निघेल. सेट टॉप बॉक्स बंद करून सुद्धा १० वॅट खात असेल तर महिन्याला ७ युनिट तिथेच जातात, आणि २००० वॅटचा गीझर अर्धा तास म्हणजे एक युनिट, घरात चार जण आणि थंडीचे दिवस, करा हिशोब.

फलटण तालुक्यातून एक शेतकरी: माझी ५ एचपीची सबमर्सिबल दीड वर्षात दोनदा जळाली, रिवाइंडिंगचा खर्च परवडत नाही. स्टार्टरवर व्होल्टमीटर आहे, तो ४०० दाखवतो, म्हणजे लाईट तर फुल आहे. आमच्या पुतण्याने ऑनलाईन क्लॅम्प मीटर मागवला, पण मोटर चालू असताना केबलला लावला तर शून्य दाखवतो. परत करू का?

दादा, मीटर परत करू नका, तो बरोबर दाखवतोय. क्लॅम्प हा वायरीभोवतीचं चुंबकत्व मोजतो, आणि तुमच्या चपट्या केबलमध्ये तिन्ही फेज एकत्र आहेत, तिघांची बेरीज कायम शून्य. उलट अख्ख्या केबलला लावून आकडा आला असता तर मी घाबरलो असतो, कारण मग करंट बोअरच्या पाण्यात उतरतोय असं झालं असतं. स्टार्टर उघडून तिन्ही वायरी सुट्या दिसतात तिथे एकेका वायरीला लावायचा. पण ऑटो स्विच असेल तर आधी बंद करा आणि झाकण उघडताना मेन स्विच खाली ओढून किटकॅट, म्हणजे चिनी मातीचे फ्यूज, काढून खिशात ठेवा, मग वायरी न काढता एकमेकींपासून जरा लांब करा, मागे सरका आणि मग चालू करा. लाईट रात्री कधी येईल आणि मोटर आपोआप कधी सुरू होईल याचा नेम नसतो.

५ एचपीला ढोबळ हिशोब ७.५ अँपिअरचा, एचपीला दीड असा. सबमर्सिबलला थोडा जास्त असतो म्हणून मोटरच्या पाटीवर लिहिलेला आकडा खरा धरायचा. आता तिन्ही वायरींचे आकडे एका वहीत तारीख टाकून लिहा, कारण खरी माहिती एका आकड्यात नाही, तिन्हीच्या फरकात आहे. ८, ८, ८.५ असं आलं तर मोटर सुखात आहे. ७, ९, ११ असं आलं तर एक फेज कमजोर आहे, नाहीतर स्टार्टरमधला एखादा कॉन्टॅक्ट खाल्लाय. व्होल्टेजमध्ये तीन टक्क्यांचा फरक पडला तर करंटमध्ये त्याच्या सहापट आणि कधी त्याहून जास्त फरक पडतो, तुमचा व्होल्टमीटर म्हणूनच ४०० दाखवून तुम्हाला फसवतोय, तो बहुतेक दोनच फेज बघतो आणि तेही मोटर बंद असताना तुम्ही बघता. व्होल्टेज मोटर चालू असताना मोजायचं, तिन्ही जोड्यांमध्ये, स्टार्टरवर. मोटर बंद असताना ४१५ आणि चालू केली की ३४० असं असेल तर डीपीपासूनची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासूनची, वायर बारीक आहे नाहीतर कुठेतरी जोड ढिला आहे.

एक वायर शून्य आणि बाकीच्या दोन फुगलेल्या, म्हणजे तुमचा एक फेज गेलाय, उरलेल्या दोन फेजमध्ये करंट पावणेदोन पटीच्या घरात जातो आणि मोटर काही मिनिटांत वास मारते. तुमच्या दोन्ही वेळा हेच झालं असणार अशी मला दाट शंका आहे. रिवाइंडिंगवाल्याला विचारा, वाइंडिंग सगळीकडे सारखं जळालं होतं की काही गुंडाळ्या काळ्या आणि काही ताज्या होत्या. काही ताज्या राहिल्या असतील तर फेज गेला होता. मग मीटरपेक्षा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र, आधी बसवा, कारण तुम्ही चोवीस तास क्लॅम्प धरून बसणार नाही.

करंट कमी आला तर आनंद नको, पाणी कमी झालं की पंपावरचा लोड उतरतो आणि करंट खाली येतो, वहीत मार्चमध्ये ८ आणि मेमध्ये ५ दिसला तर बोअर कोरडी पडायला लागली आहे. आणि शेजाऱ्याची मोठी मोटर मोजायला गेलात, स्टार डेल्टा स्टार्टरची, तर स्टार्टरमधून मोटरकडे जाणाऱ्या सहा वायरींवर मोजू नका, तिथे लाईन करंटच्या ५८ टक्केच दिसतो आणि मग मोटर हलकी चालतीये असं वाटतं. येणाऱ्या तीन वायरींवर मोजा.

सावंतवाडीहून: गीझर चालू असताना नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. मल्टीमीटरने ओहमवर ठेवून गीझरची पिन आणि बॉडी तपासली, काही दाखवत नाही, म्हणजे गीझर ठीक का?

नाही. आणि हे वाचून होईपर्यंत गीझर बंद ठेवा, पिन काढून. मल्टीमीटर ओहमवर असताना आतल्या सेलचे दोन-तीन व्होल्ट सोडतो, ओल धरलेल्या एलिमेंटमधली गळती तेवढ्याने जागी होत नाही, तिला खरा दाब लागतो. त्यासाठी मेगर. जुना असेल तर दांडा फिरवायचा, नवीन असेल तर बटण दाबायचं, तो ५०० व्होल्ट डीसी सोडून इन्सुलेशन तपासतो. दहावीस मेगाओहम किंवा वर आलं तर बरं, एकच्या खाली आलं तर एलिमेंट बदला. मेगर विकत घेऊ नका, वायरमनला मेगर घेऊन ये असं स्पष्ट सांगून बोलवा, आणि घरच्या वायरिंगला मेगर मारण्याआधी एलईडी, टीव्ही, इन्व्हर्टर सगळं सुटं करायला लावा नाहीतर ५०० व्होल्टने ती जातील. झिणझिण्या आल्या म्हणजे अर्थिंग पण गेलेलं आहे, नाहीतर त्या तुमच्यापर्यंत पोचल्याच नसत्या. ते तपासायला अर्थ टेस्टर वेगळा असतो, जमिनीत दोन खुंट्या ठोकून. आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, नसेल तर गीझरच्या आधी ती.

लातूरहून: इन्व्हर्टरची बॅटरी मल्टीमीटरवर १३ व्होल्ट दाखवते तरी दहा मिनिटांत बसते.

चार्जिंगवरून काढल्या काढल्या मोजलीत. तो वरवरचा फुगवटा असतो, चार-पाच तास तशीच ठेवून मोजा, १२.६ च्या वर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. पण व्होल्ट बॅटरीचं तोंड दाखवतो, पोट नाही. पंखे चालू करून मोजा, झपकन १०.५ च्या खाली गेली तर संपली. हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीच्या पाण्याचा दाटपणा मोजणारी नळी, घ्या, स्वस्त असतो, सहाही सेलचं पाणी ओढून बघा, भरलेल्या ट्यूब्युलर बॅटरीला १२४० ते १२५० यायला पाहिजे, पाच सेल १२४० आणि एकच ११५० असेल तर तो एकटा बाकीच्यांना खातोय. चष्मा घाला, ते पाणी नाही ॲसिड आहे. आणि इन्व्हर्टरचं आउटपुट मोजणार असाल तर स्क्वेअर वेव्हवर साधा मल्टीमीटर वीस-पंचवीस व्होल्ट इकडेतिकडे बोलतो, तिथे ट्रू आरएमएस लिहिलेलाच पाहिजे.

नांदेडहून, आयटीआयचा विद्यार्थी: सर, इलेक्ट्रिशियन ट्रेडला आहे. माझ्याकडे दोनशे रुपयेवाला पिवळा मीटर आहे. मित्र म्हणतात आकडा तोच येतो मग महाग कशाला. साठवून पंधराशे-दोन हजार झालेत.

आकडा तोच येतो हे खरंय, बेटा. फरक आकडा चुकतो तेव्हा नाही, तू चुकतोस तेव्हा कळतो. तुझ्या मीटरच्या १० अँपिअरच्या भोकाशेजारी बारीक अक्षरात काय लिहिलंय बघ, अनफ्यूज्ड असं असेल, म्हणजे आत फ्यूजच नाही. मी नवीन होतो तेव्हा एका कारखान्यात करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब, म्हणजे मीटरची टोकवाली वायर, त्याच भोकात राहिला, जेवून आलो आणि तसाच व्होल्ट बघायला पॅनेलवर टेकवला. अँपिअरवर ठेवलेला मीटर म्हणजे जाड वायरीचा तुकडा, सरळ शॉर्ट. निळा पांढरा उजेड झाला, प्रोबचं टोक वितळून गायब, भुवया जळाल्या आणि जेवणाच्या डब्यातल्या भाजीचा वास तीन दिवस जळका लागत होता. चांगल्या मीटरमध्ये तिथे वाळू भरलेला जाड फ्यूज असतो, तो आतल्या आत जळून गप्प बसतो. आणि तो उडाला की त्याच नंबरचा टाकायचा, वायरीचा केस गुंडाळायचा नाही.

घेताना कॅट थ्री ६०० व्होल्ट छापलेलं बघ, मीटरवर आणि प्रोबवर दोन्हीकडे. कॅट म्हणजे मीटर कुठल्या जागी सुरक्षित आहे त्याची पायरी. कॅट टू म्हणजे सॉकेटच्या पुढच्या वस्तू, कॅट थ्री म्हणजे घरातलं कारखान्यातलं पक्कं वायरिंग आणि पॅनेल, कॅट फोर म्हणजे वीज मीटरच्या आधीची सर्व्हिस वायर आणि खांब. तू पॅनेलवर काम करणार, तुला थ्रीच्या खाली चालायचं नाही. छतावरच्या सोलरकडे जाणार असशील तर तिथला डीसी काही घरात ५००-६०० व्होल्टपर्यंत असतो आणि डीसीची ठिणगी सहज विझत नाही, आणि साधा एसी क्लॅम्प तिथे शून्य दाखवतो, डीसीवाला हॉल सेन्सरचा वेगळा घ्यावा लागतो, तो नंतर बघू.

तुझ्या पैशात मल्टीमीटर आणि क्लॅम्प दोन्ही नाही येणार, एकच घे, एसी क्लॅम्प ज्याच्यात व्होल्ट आणि ओहम पण आहे. नाशिकच्या मोटवाने आणि ऋषभ या आपल्याकडच्याच कंपन्या हे मीटर बनवतात, पुण्यात असतास तर तापकीर गल्लीत हातात घेऊन बघ म्हणालो असतो, तू कॉलेजच्या सरांचा हातात घेऊन बघ. जबडा उघडझाप करून बघ, तोंड नीट मिटत नसेल तर तो रोज चुकीचं बोलेल. बारीक करंट मोजायचा असेल तर वायरीचे जबड्यात दहा वेढे घे आणि आकड्याला दहाने भाग.

वायर बंद आहे का बघायचं असेल तर आधी मीटर चालू फेजवर लावून जिवंत आहे का बघ, मग त्या वायरीवर, मग परत चालू फेजवर. मधल्या वेळात सेल संपलेला मीटर पण शून्यच दाखवतो.

तो पिवळा फेकू नकोस, घड्याळाचे आणि रिमोटचे सेल बघायला तो बेस्ट आहे.